आपापल्या कपाटातल्या नोंदी

आज दिवसभर आरोग्य नियोजनाच्या बैठकीत होते. रुग्णालय, पाणीपुरवठा, शाळा, रुग्णवाहिका सेवा, सगळ्यांकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. पण आपापल्या कपाटात. जुलाबाचे रुग्ण कुठल्या वस्तीतून येतात हे रुग्णालयाला माहीत, जलवाहिनी कुठे गळते हे पाणी खात्याला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय उपाय कुठे करायचा, हे कळणार कसं?

ब्रिटनमधल्या कार्डिफचं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथले शल्यविशारद जोनाथन शेपर्ड यांच्या लक्षात आलं की, मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रुग्णालयाने नावं वगळून जागा, वेळ, हत्यार एवढंच कळवायला सुरुवात केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत, हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी दिसलं!

गोपनीयतेचा प्रश्न आज वारंवार आला, आणि यायलाच हवा. छोट्या वस्तीत वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून अगदी लहान आकडे झाकायचे, लेखी करार करायचा. पण त्या नावाखाली काहीच न देणं मला मान्य नाही. पुढच्या बैठकीआधी निदान वस्तीनिहाय आकडे एकत्र यावेत, असा आग्रह मी धरला आहे.