लारा जीन वाचणाऱ्या मुलीच्या आई-बाबांसाठी

आठवी-नववीतल्या मुलीच्या हातात जेनी हानचं ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ दिसलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात ‘तसलं’ काही आहे का? चुंबनं आहेत. थोरल्या बहिणीचे तिच्या मित्राशी शरीरसंबंध होते हे धाकटीला कळतं आणि तिला धक्का बसतो, असाही प्रसंग आहे. पण उघडंवाघडं वर्णन नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचायला माझी काहीच हरकत नाही.

कथा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात घडते. सोळा वर्षांच्या लारा जीनची आई कोरियन वंशाची होती, ती आता नाही. वडील स्त्रीरोगतज्ज्ञ. घर सांभाळणारी मोठी बहीण मार्गो शिकायला स्कॉटलंडला जाते. एखाद्या मुलावरचं मन काढून घ्यायचं असलं की लारा जीन त्याला पत्र लिहिते आणि आईने दिलेल्या पेटीत ठेवून देते. अशी पाच पत्रं एक दिवस पोस्टाने त्या त्या मुलांकडे रवाना होतात. त्यातलं एक मार्गोच्याच मित्राला, जॉशला. त्याच्यासमोर लाज राखायला ती पत्र गेलेल्यांपैकीच एका मुलाशी, पीटरशी, प्रेमाचं नाटक करते, आणि त्या नाटकाचे नियम दोघं चक्क कागदावर लिहून काढतात.

हा लेखी करार मला पुस्तकातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. काय चालेल, काय नाही, हे मुलगी आधी बोलते आणि मुलगा ऐकतो. मुलीशी बोलायला सुरुवात इथून करा: ‘तू असतीस तर कोणता नियम घातला असतास?’ ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, ती परीक्षा वाटते.

पालकांची गफलत होते ती पुढे. बरेचजण या मालिकेचा पहिला भाग (२०१४) चाळतात किंवा २०१८चा चित्रपट बघतात आणि निश्चिंत होतात. पुस्तकात स्कीच्या सहलीत लारा जीन आणि पीटर हॉट टबमध्ये (गरम पाण्याच्या मोठ्या टबात) भेटतात, त्यावरून पहिल्या भागात अफवा उठते. त्या भेटीचा व्हिडिओ पसरतो तो दुसऱ्या भागात (२०१५), इन्स्टाग्रामवरच्या निनावी अकाउंटवरून. चित्रपटाने तो व्हिडिओ आधीच आणलाय, त्यामुळे त्याचे चटके तिथे लवकर निवतात. पुस्तकात ते बराच काळ जाणवत राहतात. दोघांनी केलं ते एकच, पण नावं तिला ठेवली जातात, त्याला नाही. दुसरा भाग तुम्ही स्वतः वाचा. मग विचारा, ‘पीटरने काय करायला हवं होतं?’ मुलगा वाचत असेल तर त्याला हे आवर्जून विचारा.

एक फरक मात्र सांगायलाच हवा. आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) अठराच्या आतलं मूल ‘बालक’च असतं, शरीरसंबंधाला त्याची संमती असली तरी. आणि लहान वयाच्या मुलांचं अश्लील चित्रण पाठवणंच नव्हे, जवळ ठेवणंही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. म्हणून असं काही घडलंच तर ‘पुरावा’ म्हणून क्लिप मामा-काकांना फॉरवर्ड करू नका. लिंक, अकाउंटचं नाव, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि बालकांविषयीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ ही अठराच्या आतल्यांसाठीची मोफत सेवा चित्र फोनबाहेर न नेता त्याचा फक्त डिजिटल ठसा घेते, आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते शोधून काढतात. मुलीचा फोन मात्र काढून घेऊ नका. ती भीती असली की पुढच्या वेळी ती सांगायला येतच नाही.

आणखी एक. दुकानात याच फळीवर, तशाच गोड मुखपृष्ठाचं कॉलिन हूवरचं ‘इट एन्ड्स विथ अस’ (२०१६) असतं. ते किशोरांसाठी लिहिलेलं नाही; त्यात नवऱ्याकडून होणारी मारहाण आहे. ते तेराव्या वर्षी नको. सतराव्या वर्षी द्यायचं तर आधी स्वतः पूर्ण वाचून.