बीजपत्रांच्या मधली रिकामी जागा

बीज परीक्षणाच्या कामात मी हजारो रोपे मोजली, पण घेवड्याच्या एका नमुन्याने मला भ्रूणाकडे, म्हणजे बीमधल्या इवल्या रोपाकडे, नव्याने पाहायला लावले. चाचणीसाठी नेहमीप्रमाणे 400 बिया, शंभर-शंभरच्या चार भागांत, ओल्या अंकुरण कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये 25 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवल्या होत्या. घेवड्याची पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि अखेरची नवव्या दिवशी होते. पाचव्या दिवशी आदिमुळे, म्हणजे बीतून निघालेली पहिली मुळे, लांब आणि पांढरीशुभ्र होती, त्यांना उपमुळे फुटली होती, बीजपत्रांखालचा, म्हणजे अन्न साठवलेल्या दोन दलांखालचा, दांडा जाड होऊन आकड्यासारखा वाकला होता. ते पाहून मी बरीचशी रोपे ‘सामान्य’, म्हणजे पुढे धड झाड होऊ शकणारी, म्हणून नोंदवली आणि काढून टाकली. ही चूक माझी होती, कारण मिटलेल्या बीजपत्रांच्या आत काय आहे हे मी पाहिलेच नव्हते.

नवव्या दिवशी उरलेल्या रोपांची बीजपत्रे विलग झाली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश रोपांत त्यांच्या मधे फक्त एक तपकिरी खुंट होता. निरोगी घेवड्यात तिथे आदिकोंब असतो, म्हणजे पहिल्या दोन साध्या पानांची घडी आणि तिच्या पोटात शेंड्याची विभाजी ऊती, म्हणजे विभागून नवे भाग घडवणाऱ्या पेशींचा पुंजका. ती दोन पाने रुजल्यानंतर घडत नाहीत. बी शेंगेत पक्व होत असतानाच ती भ्रूणात तयार होतात आणि रुजल्यावर वाढून पसरतात.

फलित अंड्याचे पहिले विभाजन होते तेव्हापासूनच भ्रूणाला वरचे आणि खालचे टोक असते. पुढे तो गोलाकार होतो, मग बीजपत्रांचे उंचवटे येऊन हृदयाकृती होतो, आणि त्या दोन उंचवट्यांच्या खोबणीत खोडाचा शेंडा राहतो. रोपाची पुढची सगळी पाने, पेरी आणि फांद्या त्या इवल्याशा ऊतीपासून येतात. मुळाला मात्र स्वतःचे वेगळे टोक असते आणि अन्न बीजपत्रांतून मिळते, म्हणून शेंडा नसलेले रोपही पाच दिवस अगदी धडधाकट दिसते.

शिल्लक बिया भिजवून मी भिंगाखाली एकेक उघडली. कित्येकींची साल अखंड होती, पण आत भ्रूणाचा अक्ष बीजपत्रांच्या जोडापाशी मोडलेला होता. फार कोरडे झालेले बी मळणी यंत्राच्या वेगवान फटक्यांत सापडले की असे होते. जड बीजपत्रे अरुंद जोडावर हिसकली जातात आणि नाजूक आदिकोंब तुटतो. नमुना आणणाऱ्या गृहस्थांनी मुळांकडे बोट दाखवून विचारले, ‘‘एवढी मुळे फुटली आहेत, मग बियाणे जिवंत नाही का?’’ जिवंत होते, यात शंका नव्हती. तरीही मी चाचणी पुन्हा लावली, या वेळी प्रत्येक रोपाची बीजपत्रे उघडून पाहिली आणि बोडकी रोपे ‘विकृत’ या रकान्यात लिहिली.

त्यांतली काही रोपे मी मातीत लावली. थोड्या रोपांत बीजपत्रांच्या बगलेतल्या, एरवी सुप्त राहणाऱ्या कळ्या जाग्या झाल्या आणि बारीक, उशिराचे कोंब आले. बाकीच्यांची बीजपत्रे काही दिवस हिरवी राहिली, मग सुरकुतून गळाली. उपटून पाहिले तेव्हा खाली मुळांचा भरगच्च झुपका होता.