ऑडिओग्राम नॉर्मल, तरी बोलणे निसटते

माझ्या मुलाच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, बोट ठेवावे असे काहीच नाही. 250 पासून 8000 हर्ट्‌झपर्यंत दोन्ही कानांच्या रेषा सामान्य श्रवणाच्या पट्ट्यातच आहेत, आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी बेरा तपासणीही स्वच्छ आली आहे, आणि शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की सर्वांआधी कानांवर हात जातात ते त्याचेच. तरीही शाळेच्या व्हरांड्यात मित्राने विचारलेला साधा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, नववीत आहे, आणि ‘लक्ष देत नाही’ हा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात जवळपास छापल्यासारखा दरवर्षी येतो. कान तपासून झाले, बुद्धी तपासून झाली, मग राहिले काय ते लक्षच, असा हिशेब शाळेत आणि नातेवाइकांत सारखाच मांडला जातो.

हा हिशेब चुकतो, कारण ऑडिओग्राम शांत खोलीत एकेका सुट्या सुराची चाहूल मोजतो, तर बोलणे कळण्यासाठी गोंगाटातून व्यंजने वेचावी लागतात. बोलण्यातले स्वर दणकट असतात आणि व्यंजने क्षीण. पंख्याची घरघर किंवा चार जणांची कुजबुज वाढली की आधी बुडतात ती व्यंजनेच. बहुतेकांचे कान त्या गोंगाटात क्षणभर पडणाऱ्या फटींतून बोलण्याचे तुकडे टिपतात आणि मेंदू ते जोडून घेतो. स्वमग्न व्यक्तींना या फटींचा उपयोग इतरांइतका करता येत नाही, असे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसून आले होते, आणि तो अभ्यास बौद्धिक अडचण नसलेल्यांवरच केलेला होता. मला ही गोष्ट कळल्यावर घरातल्या अनेक जुन्या भांडणांचा उलगडा झाला.

यावर उपाय म्हणून श्रवण-प्रशिक्षण शोधू लागले की सर्वांत आधी समोर येतो तो हेडफोनवरून गाळीव, म्हणजे काही सूर वगळलेले, संगीत ऐकवण्याचा प्रकार. फ्रान्समधील गी बेरार या डॉक्टरांच्या पद्धतीत दहा दिवस, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास असे संगीत ऐकवतात. आम्हालाही एका खाजगी केंद्रात असाच कोर्स सुचवला गेला, तोही ‘मुलगा पुढच्या वर्षी ओळखू येणार नाही’ अशा भाषेत. अमेरिकेतील वाक्-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 सालीच या पद्धतीला शास्त्रीय आधार पुरेसा नसल्याचे जाहीर केले होते, आणि नंतरच्या पुरावा-पडताळण्यांतूनही वेगळे काही निघालेले नाही. शिवाय संगीत गाळून ऐकल्याने ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला फरक कसा कळू लागेल, याचे उत्तर त्या केंद्रात कोणालाच देता आले नाही.

ज्या प्रशिक्षणाला मी प्रशिक्षण म्हणेन ते याहून कंटाळवाणे असते. आधी काय निसटते ते नेमके शोधायचे आणि मग तेवढ्याचाच सराव करायचा. आम्ही राहतो त्या बेळगावात पहिली अडचण इथेच येते, ती भाषेची. गोंगाटातले बोलणे कितपत कळते ही तपासणी शब्दांच्या यादीवरून होते, आणि यादी कन्नड असेल तर घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचे गुण कमी पडतात. ते कानांमुळे पडले की भाषेमुळे, हे अहवालावरून सांगता येत नाही. म्हणून तपासणीआधीच मराठी यादी आहे का, असे विचारावे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था 1983 पासून याच क्षेत्रात काम करत आहेत. पण बेळगावहून दोन्ही लांब असल्याने रोजचा सराव शेवटी घरीच करावा लागतो.

आमच्या घरी तो असा चालतो. श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या काढल्या: काल–गाल, दात–दाट, माळ–माल, वेळ–वेल, बात–भात. कार्डांवर दोन्ही शब्द लिहिलेले असतात, वाचणाऱ्याने तोंडासमोर वही धरायची म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि ऐकलेल्या शब्दाच्या कार्डावर मुलाने बोट ठेवायचे. सुरुवात शांत खोलीत होते. ते जमले की मोबाइलवर मागे आवाज लावायचा: आधी पंख्याचा, नंतर गावातल्या गणपत गल्लीत बाजाराच्या वेळी आम्हीच रेकॉर्ड करून आणलेला गर्दीचा. माणसांच्या बोलण्याचा गोंगाट यंत्राच्या एकसुरी आवाजापेक्षा कितीतरी जड जातो, त्यामुळे हा क्रम उलटा करू नये. दहापैकी सात-आठ बरोबर येतील एवढीच काठिण्यपातळी ठेवायची. दहापैकी दहा आले तर गोंगाट थोडा वाढवायचा आणि निम्मेच आले तर निमूटपणे कमी करायचा. पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे ओढण्यात अर्थ नसतो, कारण त्यानंतर चुका कानाच्या नसून थकव्याच्या असतात.

वाचणारी माणसेही बदलावी लागतात. एकट्या आईचाच आवाज ऐकून मूल आईच्या आवाजात तरबेज होते आणि शिक्षकांपुढे पुन्हा अडते. आमच्याकडे आज्जी वाचायला बसतात, तेव्हा त्यांचा खानापुरी हेल आणि पडलेले दात मिळून जी परीक्षा होते ती कोणत्याही सॉफ्टवेअरने घेता येणार नाही. ‘आज्जी, तू दात म्हणालीस की दाट?’ असे तो विचारतो आणि त्या म्हणतात, ‘दातच नाहीत रे बाळा, काय सांगू?’ जोड्यांनंतर वाक्ये येतात, आणि ती त्याच्या वयाची असावीत. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘चिऊ उडाली’ ऐकवणे हा त्याचा अपमान आहे. आमची वाक्ये रेल्वेच्या वेळापत्रकावर आणि क्रिकेटच्या धावफलकावर असतात, कारण त्या विषयांत तो स्वतःहून चुका दुरुस्त करतो.

एक सल्ला मात्र आम्ही जाणूनबुजून मोडला. घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो शाळेची, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही, असे सीमाभागात स्वमग्न मुलांच्या पालकांना सर्रास सांगितले जाते. दोन भाषांत वाढल्यामुळे स्वमग्न मुलांच्या भाषेचे नुकसान होते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. शिवाय आमच्या मुलाची आज्जी मराठीत, बसचा कंडक्टर कन्नडमध्ये आणि फळवाला दक्खिनी उर्दूत बोलतो. यांतली एक भाषा घरातून काढून टाकली तर गोंधळ कमी होत नाही, माणसे कमी होतात.

सरावाचा परिणाम किती झाला, याबद्दल अतिशयोक्ती नको. जोड्यांतले गुण स्पष्ट वाढले, पंख्याखाली चालणारे एकाचे बोलणे पूर्वीपेक्षा बरे कळते, पण लग्नाच्या पंगतीत आणि फोनवर फारसा फरक नाही. सराव ज्या कामाचा केला त्या कामात सुधारणा होते आणि बाकीकडे ती झिरपतेच असे नाही, हे या क्षेत्रातले सर्वांना ठाऊक असलेले दुखणे आहे. म्हणूनच खोली बदलणे हे मुलाचे कान बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत शिक्षकांचे व्यंजन अन् व्यंजन झिजलेले असते. त्यांचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबलने वर राहावा, अशी श्रवणतज्ज्ञांची अपेक्षा असते. आमच्याकडच्या पावसात पत्र्याच्या वर्गात ती अपेक्षा कोणाच्याच बाबतीत पुरी होत नाही, स्वमग्न असो वा नसो. शिक्षकांच्या गळ्यात छोटा मायक्रोफोन आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर ही व्यवस्था महाग आहे, पण स्वमग्न मुलांना वर्गात तिचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसले आहे. ती येईपर्यंत पहिला बाक आणि फळ्यावर लिहिलेला गृहपाठ एवढे तरी फुकट मिळते.

न कळताच ‘हो’ म्हणून टाकण्याची सवय मोडण्यासाठी वेगळा सराव लागला. ‘परत सांगा’ म्हटले की समोरचा तेच वाक्य मोठ्याने ओरडतो आणि त्याने काहीच साधत नाही. त्याऐवजी कळला तेवढा भाग उच्चारून उरलेलाच विचारायचा: ‘रिक्षा गेटपाशी थांबणार, पण दुसऱ्या की तिसऱ्या?’ बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे फाटके ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’ अशा नावांनीच ओळखली जातात, त्यामुळे तिथे राहणाऱ्याला हा प्रश्न रोजच्या उपयोगाचा आहे, आणि तो विचारला की त्याला बहिरा किंवा बेफिकीर कोणी समजत नाही.

पुढचा टप्पा कन्नड शब्दांच्या जोड्यांचा आहे. त्या वाचून देण्याचे शेजारच्या अक्कांनी कबूल केले आहे, कारण कन्नडमधले ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ आमच्या मराठी तोंडात एकच होऊन जातात, आणि आम्हीच वाचायला बसलो तर त्याच्या बिनचूक उत्तरालाही चूक म्हणू.