कार्डावर २५० मिनिटं, बोलणं ५५ मिनिटांचं: कॉलिंग कार्डाचा माझा अनुभव

अमेरिकेतून भारतात बोलायला व्हॉट्सअ‍ॅप असताना कॉलिंग कार्ड, म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेलं फोनचं कार्ड, अजून लागतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, गावाकडे लँडलाइन किंवा बटणांचा साधा फोन वापरणारी वडीलधारी माणसं. दुसरं, भारतातल्या बँका आणि पेन्शनची कार्यालयं. बँकेचा १८०० ने सुरू होणारा नंबर बाहेरून सहसा लागत नाही, मग साधा नंबर फिरवून ताटकळत बसावं लागतं. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील, मोटेलात नाहीतर पेट्रोल पंपावर तासाच्या पगारावर राबणारी माणसं ही कार्डं इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवरून घेतात. पैसे जातात ते त्यांचेच, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कार्ड हातात आलं की मी दर शेवटी बघतो. आधी मागची बारीक अक्षरं. तिथे चार गोष्टी शोधायच्या: फोन लागताच कापली जाणारी कनेक्शन फी, फोन ठेवल्यावर कापली जाणारी फी, दर आठवड्याची मेंटेनन्स फी आणि बोललेली मिनिटं किती मिनिटांच्या टप्प्याने वर नेऊन मोजली जातात ते. पुढच्या बाजूला ‘नो कनेक्शन फी’ ठळक छापलेलं असलं, तर फोन ठेवल्यावरची फी मागे हमखास शोधावी.

आता हिशेब करून बघा. समजा कार्ड ५ डॉलरचं, दर मिनिटाला २ सेंट, म्हणजे २५० मिनिटं. टप्पा ४ मिनिटांचा, दहा मिनिटांपेक्षा लांबलेल्या कॉलला शेवटी २५ सेंट, आणि पहिल्या कॉलच्या दुसऱ्या दिवसापासून दर आठवड्याला ९९ सेंट. तुम्ही बुधवारी आणि शनिवारी ११-११ मिनिटं बोलता. ११ ची होतात १२, त्याचे २४ सेंट, वर २५. एक कॉल ४९ सेंटला पडला. दोन आठवड्यांत चार कॉलचे १ डॉलर ९६ आणि मेंटेनन्सचे १ डॉलर ९८ गेले. उरले १ डॉलर ६ सेंट. तिसऱ्या बुधवारी पाचवा कॉल केलात की ५७ सेंट राहतात आणि गुरुवारी मेंटेनन्स ते गिळून टाकते. बोलणं झालं ५५ मिनिटं. मिनिटाला २ नाही, ९ सेंट पडले.

मग कार्ड वापरताना फोनवरची रेकॉर्ड केलेली बाई ‘२५० मिनिटं शिल्लक’ का सांगते? कारण ती शिलकीला दराने भागते, पुढे कापल्या जाणाऱ्या फीचा विचार त्यात नसतो. तेवढी मिनिटं मिळतात, पण सलग एकाच कॉलमध्ये बोललात तर. चार तास सलग कोण बोलतं? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २०१५ साली सहा कार्ड कंपन्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दंड केला तो याच प्रकारासाठी. म्हणून मिनिटं ऐकून समाधान मानू नका, शिल्लक डॉलरमध्ये विचारा.

नव्या कार्डाची तपासणी मी अशी करतो. कॉल करण्याआधी शिल्लक लिहून घ्यायची. घड्याळ लावून १ मिनिट १० सेकंद बोलायचं, फोन ठेवायचा, पुन्हा अ‍ॅक्सेस नंबर (कार्ड वापरायला आधी लावायचा तो कंपनीचा नंबर) लावून शिल्लक ऐकायची. वरच्या कार्डावर ४ सेंट गेले तर टप्पा एका किंवा दोन मिनिटांचा, ८ गेले तर बहुधा चारचा. मग असा नंबर लावायचा जो कोणी उचलणार नाही हे आधी ठरलेलं आहे. तीन-चार रिंग होऊ द्यायच्या आणि ठेवायचा. शिल्लक एका सेंटानेही हलता कामा नये. हलली, तर वाटेतली कुठली तरी कंपनी ‘फोन उचलला’ असा खोटा संकेत पाठवते आहे आणि रिंग वाजतानाच मीटर पळतो आहे. असं कार्ड लगेच बाजूला ठेवावं. तिसरी तपासणी अकरा मिनिटांच्या कॉलची, कारण फोन ठेवल्यावरची फी छोट्या कॉलला पुष्कळदा लागत नाही आणि म्हणून लक्षात येत नाही. शेवटची तपासणी मेंटेनन्सची: मध्ये एकही कॉल न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा शिल्लक ऐकायची.

अ‍ॅक्सेस नंबर टोल-फ्री असेल तर दर बहुधा जास्त असतो. स्थानिक नंबर दिलेला असेल तर तोच लावावा. सार्वजनिक फोनवरून कॉल केल्यास वेगळा आकार पडतो, पण ते फोन आता उरलेतच कुठे.

ऑनलाइन रिचार्जमध्ये दोन गोष्टी आधी बघा. ऑटो रिचार्जची खूण पुष्कळदा आधीच केलेली असते, ती काढा. आणि १० डॉलरवर ‘रेग्युलेटरी’ किंवा ‘कॉस्ट रिकव्हरी’ नावाने जे वाढवलेलं असतं, ते सरकारी कर असल्यासारखं दिसलं तरी पुष्कळदा कंपनीची स्वतःची वसुली असते.

पैसे चुकीचे कापले गेले तर कार्ड फेकू नका. कार्ड, पावती, प्रत्येक कॉलची वेळ आणि आधी-नंतरची शिल्लक हाच पुरावा. कार्डामागच्या नंबरावर फोन करून कॉलचा तपशील मागा, तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर एफसीसीच्या संकेतस्थळावर साधी तक्रार नोंदवा. तिला पैसे पडत नाहीत, आणि आयोगाने ती कंपनीकडे पाठवली की कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, किती मिनिटं बोललो, किती कापले आणि छापील अटीप्रमाणे किती कापायला हवे होते, हे ओळीने लिहा. परतावा म्हणून कंपनी नवं कार्ड देऊ करेल. ते घेऊ नका, पैसेच मागा, कारण नव्या कार्डालाही पहिल्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी तीच मेंटेनन्स लागते.