तुम्ही विचारलंत म्हणून: कच्ची बिअर चाखून कळतं तरी काय?

रविवारी मिसळ खायला जमलो की चौघांपैकी एक जण तरी हा विषय काढतोच. "मेलबर्नला घरी बिअर करायचास ना? मग पुरती होईपर्यंत दम निघत नव्हता का? अर्धीकच्ची कशाला प्यायचास?" मागोमाग डोळा मारणं आलंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बैजवार सांगतो.

आधी खुलासा. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी केलेली चालते. आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही. त्यामुळे नाशिकला परतल्यापासून माझं सामान माळ्यावर गेलंय आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या डब्यात आईचे गहू आहेत. सांगतोय ते सगळं तिकडचं.

पहिला नमुना यीस्ट टाकायच्या आधीचा. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या सातूचं) गोड पाणी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, गार करायचं, त्यातलं शंभरेक मिली उंच नळीत घेऊन हायड्रोमीटर तरंगवायचा. साध्या पाण्यात तो 1.000 दाखवतो, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. माझा आकडा बहुतेक वेळा 1.050 च्या आसपास यायचा, म्हणजे साधारण 12 ब्रिक्स, शंभर ग्रॅममध्ये बारा ग्रॅम साखर. आमच्या दिंडोरीकडच्या बागेत 18 च्या आसपास शुगर लागली की द्राक्ष तोडतात. त्या हिशेबाने हे पाणी द्राक्षापेक्षा कमी गोड लागायला हवं. पण तोंडात घेतलं की गोडमिट्ट, चिकट, आणि गिळल्यावर मागून काढ्यासारखा कडवटपणा. द्राक्षातला आंबटपणा गोडीला आवर घालतो, इथे तो जवळपास नसतोच. मला त्या घोटाचं फार कौतुक होतं. बायको मात्र म्हणायची, बोर्नव्हिटात कडुलिंब पडलाय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा नमुना खरी परीक्षा घेतो. गढूळ, कोमट, वर यीस्टचा उग्र वास आणि चवीला हिरव्या सफरचंदासारखा. नवखा माणूस इथेच कपाळाला हात लावतो. तो सफरचंदी वास ॲसिटाल्डिहाइडचा. साखरेचं अल्कोहोल होताना वाटेत ते तयार होतं आणि यीस्टला वेळ दिला की बरंचसं निघूनही जातं. लोण्यासारखी चवही तशीच, ती डायअसिटिलची. मी एकदा ती लोणकट चव बघून पाचव्याच दिवशी वीस लिटर मोरीत ओतली होती. चार दिवस थांबलो असतो तर यीस्टनेच ती निस्तरली असती. व्हिनेगरसारखा आंबूस वास किंवा वर बुरशी मात्र थांबून जात नाही, तिथे ओतण्यावाचून इलाज नाही. चाखायचं ते एवढ्यासाठी: आलेला पाहुणा जाणारा आहे की मुक्कामाला आलाय, ते ओळखायला.

हे मी खरं तर आप्पांकडून शिकलो, त्यांनी बिअरचा थेंब कधी घेतला नसला तरी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरले, मण्यात पाणी उतरलं की ते रोज ओळीतून फिरत एखादा मणी तोंडात टाकतात. तोही घडाच्या टोकाचा, कारण तिथे गोडी सगळ्यात उशिरा येते. आंबट लागला तर थुंकतात आणि पुढे चालायला लागतात. चेहऱ्यावर काही नाही.

त्यांचा जुना रिफ्रॅक्टोमीटर, रसाच्या थेंबावरून साखर मोजणारा, मी मेलबर्नला घेऊन गेलो होतो. यीस्ट टाकायच्या आधी तो चोख चालतो. नंतर मात्र अल्कोहोलमुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून पुढे हायड्रोमीटरच बरा.

आणि जीभ एकटी? ती तर मला सपशेल फसवून गेली. एका डिसेंबरात सहाव्या दिवशीचा नमुना इतका छान लागला, किंचित गोड, भरलेला, की 1.020 आकडा दिसत असूनही मी हट्टाने बाटल्या भरल्या. तो 1.012 च्या खाली उतरून दोन-तीन दिवस एका जागी थांबायला हवा होता. जी गोडी मला आवडली ती यीस्टने अजून न खाल्लेली साखर होती. बंद बाटलीत यीस्टने ती खाल्ली आणि गॅस साठत गेला. जानेवारीच्या उकाड्यात एका रात्री मागच्या शेडमध्ये फटाके वाजल्यासारख्या तीन बाटल्या फुटल्या. उरलेल्या मी जाड जॅकेट आणि हेल्मेट घालून एकेक करून उघडल्या. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता, एक शब्द बोलला नाही.

चढते का, हे विचारतातच. शंभर मिलीतलं अर्धं मी पीत होतो. तेही कोमट, गॅस नसलेलं. त्यात मजा शोधणाऱ्याला माझा नमस्कार. उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही, त्यासोबत जंतू आणि हवा दोन्ही आत जातात. ते कुंडीत जायचं.

मिसळीच्या टेबलावर मी कुंडीपर्यंत कधी पोचलेलो नाही. डायअसिटिलला आलो की कोणीतरी रस्स्याची दुसरी वाटी मागवतं आणि विषय द्राक्षाच्या भावावर जातो.