ओव्हनमधील बार्बेक्यू रिब्ज: फॉइलच्या टप्प्याचा हिशेब

ओव्हनमध्ये पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्या) करण्याच्या माझ्या प्रयोगांत मसाल्याचे प्रमाण, मीठ लावण्याची वेळ आणि सॉसची चव या गोष्टी बऱ्याच अंशी हाताला बसल्या आहेत. आता सगळे लक्ष एकाच प्रश्नावर आहे, तो म्हणजे मांस फॉइलमध्ये किती वेळ बंद ठेवायचे आणि त्याआधी व नंतर किती वेळ उघडे भाजायचे. दात लावताच मांस हाडापासून सुटावे, पण हाड हातात घेताना ते गळून पडू नये, हा नेमका बिंदू या हिशेबावरच ठरतो असे माझे आता ठाम मत झाले आहे.

सध्या मी सेंट लुईस कट वापरतो. बेबी बॅक रिब्ज पाठीच्या कण्याजवळच्या असतात. त्या आखूड, वाकलेल्या आणि कमी चरबीच्या असतात. स्पेअर रिब्ज पोटाकडच्या, लांब आणि चपट्या असतात, आणि त्यांच्या टोकाचा कुर्चा असलेला भाग छाटून रॅकला (बरगड्यांच्या अखंड पट्टीला) आयताकृती आकार दिला की सेंट लुईस कट तयार होतो. ओव्हनसाठी मला हाच कट अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो बऱ्यापैकी सपाट व सारख्या जाडीचा असल्यामुळे दोन्ही टोके जवळपास एकाच वेळी शिजतात, आणि त्यातील चरबी व कोलेजन (मांस बांधून ठेवणारे चिवट प्रथिन) अधिक असल्यामुळे वेळ थोडा पुढे-मागे झाला तरी मांस कोरडे पडत नाही.

हाडांच्या बाजूचा पातळ, चकचकीत पापुद्रा काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो शिजून विरघळत नाही, उलट आकसून चिवट होतो आणि त्या बाजूने मसालाही मांसाला लागू देत नाही. मधल्या एखाद्या हाडावर बोथट सुरीचे टोक पापुद्र्याखाली सरकवून तो थोडा उचलावा आणि कागदी नॅपकिनने घट्ट पकडून ओढावा. बहुतेक वेळा तो अखंड निघून येतो.

मीठ आणि मसाला वेगवेगळे लावण्याचा निर्णय मात्र मला या सर्व प्रयोगांतील सर्वांत फलदायी वाटतो. मीठ मांसात हळूहळू आतपर्यंत मुरते, तर पॅप्रिका, मिरपूड, लसूण पावडर यांसारखे मसाले जवळजवळ पृष्ठभागावरच राहतात, त्यामुळे दोघांना सारखाच वेळ देण्याचे कारण उरत नाही. मी आदल्या रात्री एक किलोला ८ ते १० ग्रॅम या प्रमाणात मीठ लावून रॅक फ्रिजमध्ये उघडी ठेवतो. त्यामुळे मीठ मुरते आणि पृष्ठभागही कोरडा होतो, आणि कोरडा पृष्ठभाग लवकर व चांगला रंग धरतो. ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मिरपूड, लसूण व कांदा पावडर, थोडी मोहरीची पूड आणि चिमूटभर तिखट असा बिनमिठाचा रब ओव्हन तापत असताना लावला तरी पुरतो.

आता तापमानाविषयी. अखंड पोर्क ६३ अंश सेल्सिअसला, ३ मिनिटे विसावू दिल्यानंतर, खाण्यास सुरक्षित मानले जाते. मात्र त्या तापमानाला काढलेल्या रिब्ज चावता चावत नाहीत. बरगड्यांमधील मांस संयोजी ऊतकांनी भरलेले असते, आणि त्यातील कोलेजनचे जिलेटिन होण्याची क्रिया साधारण ७० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणूनच रिब्ज ९० ते ९५ अंशांपर्यंत न्याव्या लागतात आणि तिथवरचा प्रवास संथ असावा लागतो. वाटेत, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, तापमान बराच वेळ रेंगाळते, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला तेवढ्याच वेगाने थंड करत असते. फॉइल गुंडाळले की बाष्पीभवन थांबते आणि तापमान पुन्हा वर सरकू लागते. फॉइलचे खरे काम हेच आहे. मांस मऊ होणे हा त्याचा परिणाम आहे.

धुरावर रिब्ज करणाऱ्यांमध्ये ३-२-१ ही पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यात सुमारे १०७ अंशांना तीन तास धुरात उघडे, दोन तास फॉइलमध्ये आणि शेवटचा एक तास पुन्हा उघडे, सॉस लावून, असा क्रम असतो. ओव्हनसाठी हे आकडे जसेच्या तसे उचलण्याचे कारण मला दिसत नाही. पहिले तीन तास मुख्यतः धूर मुरण्यासाठी असतात आणि ओव्हनमध्ये धूरच नसतो, त्यामुळे पहिल्या टप्प्याचे काम केवळ मसाला घट्ट बसवणे आणि रंग आणणे एवढेच उरते. १३५ अंशांना, जाळीवर ठेवलेल्या रॅकला त्यासाठी एक तास पुरतो. जाळी आवश्यकच आहे, कारण ट्रेवर थेट ठेवलेल्या रॅकची खालची बाजू स्वतःच्याच रसात उकडत राहते.

दुसऱ्या टप्प्यासाठी मी एकाच रॅकचे दोन तुकडे करून तुलना केली, म्हणजे मांस, मसाला आणि ओव्हन यांत फरक राहू नये. एक तुकडा सव्वा तास फॉइलमध्ये ठेवला, दुसरा दोन तास. दोन तासांच्या तुकड्यात हाड बोटांनी फिरवताच मोकळे झाले. चव चांगली होती, परंतु पोत रश्शात शिजवलेल्या मांसासारखा झाला होता आणि बाहेरचे कवच ओले व निस्तेज पडले होते. सव्वा तासाच्या तुकड्यात कवच टिकले, पण सर्वांत जाड हाडाजवळ मांस अजून थोडा प्रतिकार करत होते. त्यामुळे आता दीड तास हा माझा मुक्काम आहे आणि त्यानंतर ४५ मिनिटे उघडे. शेवटचा उघडा टप्पा मला पूर्वी सजावटीचा वाटत असे. आता तो सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वाफेने सैल झालेला पृष्ठभाग त्यातच पुन्हा घट्ट होतो. सुरुवातीपासूनच फॉइल गुंडाळण्याची पद्धतही वापरून पाहिली. तिच्यात मांस उत्तम शिजते, परंतु बराचसा रब रसात उतरतो.

कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी ही बार्बेक्यू स्पर्धा घेणारी अमेरिकी संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत हाडावरून गळून पडणारे मांस अतिशिजलेले समजले जाते. घास घेतलेल्या जागेपुरतेच मांस सुटावे आणि दातांची खूण स्वच्छ दिसावी, अशी तेथे अपेक्षा असते. घरी खाणाऱ्यांपैकी अनेकांना गळून पडणारे मांसच आवडते आणि त्यांनी फॉइलचा टप्पा अवश्य लांबवावा. मी मात्र स्पर्धेची कसोटी समोर ठेवून चाललो आहे.

शिजल्याची खात्री करण्यासाठी घड्याळावर विसंबून चालत नाही, आणि थर्मामीटरही येथे पुरेसा उपयोगी ठरत नाही, कारण हाडांमधले मांस पातळ असते व सुईचे टोक हाडाला टेकले की आकडा फसवा येतो. रॅक एका टोकाकडून चिमट्याने उचलावी. ती सहज वाकली आणि वाकलेल्या जागी वरच्या मांसाला बारीक भेग पडू लागली, तर वेळ झाली असे समजावे. दोन हाडांच्या मध्ये टूथपिक घालून पाहावी, ती जवळजवळ अडथळ्याशिवाय आत जायला हवी. हाडांची टोके साधारण एक सेंटिमीटर उघडी पडणे ही खूण जोडीला असली तर चांगले, पण एकट्या तिच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

धुराची उणीव ओव्हनमध्ये पूर्णपणे भरून निघत नाही, हे मान्य करूनच काम करावे लागते. स्पेनमधील ला व्हेरा भागातील पॅप्रिकाची मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवली जाते, आणि रबमधील निम्मी साधी पॅप्रिका काढून ही घातली तर धुराची छटा नैसर्गिकपणे येते. लिक्विड स्मोक (धुराचा द्रव अर्क) सॉसमध्ये घालताना दोन-चार थेंबांपलीकडे जाऊ नये. त्यापुढे कडवट, औषधासारखी चव सर्वांवर मात करते. मांसाच्या कडेला दिसणारे गुलाबी वलय मात्र ओव्हनमध्ये मिळणार नाही. ते धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी) संयोग पावल्यामुळे तयार होते, आणि त्याला स्वतःची चव नसल्यामुळे त्याची खंत करण्याचे कारण नाही. बंद घरातील ओव्हनमध्ये लाकडाचे तुकडे जाळण्याचा विचारही करू नये.

सॉस शेवटच्या वीस मिनिटांतच लावावा, कारण त्यातील साखर लवकर करपते. मी दोन पातळ थर देतो आणि अखेरीस ओव्हनची वरची कॉइल लावून दोन-तीन मिनिटे चकाकी आणतो. तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलायचे नाही. फॉइलमध्ये साचलेला रस टाकून देऊ नये. त्यात विरघळलेले जिलेटिन असते, म्हणून वरची चरबी काढून तो आटवला आणि सॉसमध्ये मिसळला की सॉस मांसाला अधिक चांगला चिकटतो. फॉइलमध्ये व्हिनेगर किंवा टोमॅटोचा अंश घालायचा असेल, तर मांस आणि फॉइल यांच्यामध्ये बेकिंग पेपरचा थर द्यावा, कारण आम्ल ॲल्युमिनियमला खाते.

पुढच्या वेळी उघड्या शेवटच्या टप्प्यात ओव्हनचा पंखा चालू ठेवून पाहणार आहे. फिरत्या हवेमुळे पृष्ठभाग लवकर वाळेल, त्यामुळे तापमान १२० अंशांवर आणून वेळ तेवढाच ठेवण्याचा विचार आहे. रॅकचा दुसरा अर्धा भाग पंख्याविना १३५ अंशांना होईल, आणि दोन्ही तुकडे दहा मिनिटे विसावल्यावर जाड हाडाजवळच कापून ताडून पाहीन.