तुम्ही विचारलंत म्हणून: रोमन लोक शिशाच्या नळांनी संपले का?

इटलीला जाऊन आल्यापासून लग्नात, मॉर्निंग वॉकला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो. "काय हो, तुम्ही पाणीखात्यातले ना, मग ते रोमन लोक म्हणे शिशाच्या नळाचं पाणी पिऊन पिऊन वेडे झाले आणि साम्राज्य बुडालं, खरं का?" एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी २९ वर्षं काढली, म्हणून लोकांना वाटतं याला माहीत असणार. तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंकच पाठवीन.

माझ्या कपाटात एक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा तुकडा आहे, एका जुन्या बोअरच्या लाइनमधून कापलेला. बाहेरून बघितलात तर चांगला दीड इंची पाइप, आतून बघितलात तर क्षार चढून चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलंय. रोमच्या कालव्यांचं पाणी बरंचसं असंच जड, चुनखडीच्या डोंगरातलं, त्यामुळे त्यांच्या शिशाच्या पाइपांना आतून चुन्याचा थर बसायचा आणि पाणी शिशाला थेट लागायचंच कमी. शिवाय पाणी बहुतेक ठिकाणी रात्रंदिवस वाहतं असायचं, आपल्यासारखं रात्रभर पाइपात मुरत पडलेलं नसायचं. २०१४ साली संशोधकांनी रोमच्या बंदरातला जुना गाळ तपासून हिशोब मांडला की नळाच्या पाण्यात शिसं आसपासच्या झऱ्यांपेक्षा शंभरपट असू शकेल, पण तेवढ्याने लोक खरोखर आजारी पडले असतील असं त्यांनाही वाटलं नाही. आणि शिसं वाईट हे रोमन लोकांना कळत नव्हतं असंही नाही हं. व्हिट्रुव्हियस नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने इसवी सनाच्या आधीच लिहून ठेवलंय की मातीचे पाइप घाला, शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे बघा कसे पांढरेफटक पडलेत. खरं शिसं पोटात जायचं ते वेगळ्या वाटेने, द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून काकवीसारखं करायचे आणि ते वाइनमध्ये, जेवणात घालायचे, त्यातून. म्हणजे नळापेक्षा स्वयंपाकघर जास्त धोक्याचं.

आता माझ्या आवडीचा माणूस. इसवी सन ९७ मध्ये नेर्वा बादशहाने फ्रॉन्टिनस नावाच्या ज्येष्ठ माणसाला रोमच्या पाण्याचा प्रमुख केलं. हा आधी ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला, म्हणजे आमच्याकडे कलेक्टरला पाणीखातं दिल्यासारखं. पण गडी खालच्यांवर विसंबून राहिला नाही, स्वतः नऊच्या नऊ कालव्यांची माहिती काढली आणि सगळं पुस्तकात लिहिलं. त्याला रजिस्टरमध्ये काय सापडलं? आत आलेलं पाणी १२,७५५ माप आणि वाटलेलं १४,०१८ माप! आलं त्यापेक्षा वाटलं जास्त. हे वाचलं तेव्हा मी एकटाच खो खो हसत बसलो, बायको विचारायला आली काय झालं म्हणून. मग त्याने उगमाजवळ जाऊन स्वतः मोजलं तर रजिस्टरपेक्षा दहा हजार माप जास्तच पाणी निघालं, ते मधल्यामध्ये कुठे जात होतं ते तुम्हाला सांगायला नको. घराला पाणी द्यायचं तर शिक्का मारलेला काशाच्या नळीचा तुकडा बसवायचे, कारण शिसं ठोकून रुंद करता येतं, कासं येत नाही. आमच्या भाषेत फेरूल. तरी बिनशिक्क्याचे फेरूल होतेच, पुढे मोठा पाइप जोडणारेही होते, आणि रस्त्याखालून लाइनला भोकं पाडून पाणी विकणाऱ्या धंद्याला एक खास हुद्देवाला माणूसच होता, 'भोकांवरचा'.

पण मूळ प्रश्न आरोग्याचा. माझं मत विचाराल तर पाणी आणण्यात रोमन वस्ताद होते, घोडं अडलं ते पाणी वापरून झाल्यावर.

रोमजवळ ओस्तियाला मी सार्वजनिक संडास बघितला. संगमरवरी बाक, त्याला वीसेक भोकं, मध्ये पार्टिशन वगैरे काही नाही, सगळे शेजारी शेजारी गप्पा मारत बसणार, खालून पाणी वाहतंय, समोर पायाशी एक उथळ पन्हळ. पुसायला काठीला बांधलेला स्पंज, तो पन्हळीत बुचकळायचा आणि बहुतेक पुढच्याच्या हातात. टूरमधले लोक भोकांवर बसून फोटो काढत होते आणि मी वाकून बघत होतो की आउटलेट कुठे जातंय.

हमामखान्याचंही तेच. क्लोरीन नाही, पाणी किती वेळाने बदलायचं ते मालकाच्या मर्जीवर, आणि निरोगी माणूस आणि फोड आलेला माणूस एकाच हौदात. मार्कस ऑरेलियस तर बादशहा, त्यानेसुद्धा अंघोळीचं वर्णन तेल, घाम, मळ आणि चिकट पाणी असंच केलंय. सेल्ससने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला (सुजेची लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं आजही मेडिकलची पोरं त्याच्याच यादीतून घोकतात), तो सांगतो की जखम साफ झाली नसेल तर हमामात जाऊ नका, ती सडेल. म्हणजे लक्षात आलं होतं, कारण मात्र कळलं नव्हतं.

२०१६ मध्ये जुन्या संडासांच्या खड्ड्यांतले आणि वाळलेल्या विष्ठेतले जंत तपासून झालेल्या अभ्यासांचा एक आढावा आला. त्यात दिसतं की एवढे नळ, एवढी गटारं आल्यावरही लोकांच्या पोटातले जंत कमी झालेले नाहीत, आमांशही तसाच. कारणं साधी आहेत, मैला शेतात खत म्हणून जायचा आणि भाजीवरून परत ताटात यायचा.

घरांचं तर विचारूच नका. क्लोआका मॅक्सिमा हे रोमचं मोठं गटार सगळ्यांना ठाऊक असतं, पण बहुतेक घरं गटाराला जोडलेलीच नव्हती. आपल्या संडासाला खाली वाकडं भांडं असतं ना, पाणी साठून वास अडवणारं, ते त्यांच्याकडे नव्हतं, म्हणजे जोडलं तर वास, उंदीर आणि टायबर नदीला पूर आला की सगळं उलटं घरात. म्हणून घराखाली खड्डा. पॉम्पेई या रोमन शहरात तर कितीतरी घरांत संडास स्वयंपाकघरातच, चुलीपासून दोन पावलांवर, भाजीचा कचराही त्यातच टाकायचा. फ्रॉन्टिनस म्हणतो की जास्तीचं पाणी गटारात सोडल्यामुळे शहर स्वच्छ झालं, हवा सुधारली. त्याचं चुकलं कुठे? त्याच्यासाठी रोग म्हणजे वास, वास गेला की काम झालं. व्हॅरो नावाच्या रोमन विद्वानाने त्याच्याही सव्वाशेहून जास्त वर्षं आधी लिहिलं होतं की दलदलीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, ते नाकातोंडातून शरीरात जाऊन आजार करतात. इतक्या जवळ जाऊनही ते वाक्य शेतीच्या पुस्तकात पडून राहिलं आणि रोममधले लोक हिवतापासाठी ताप नावाच्या देवीच्या देवळात जात राहिले. पुढे १६५ नंतर मोठी साथ आली तेव्हा गेलन, म्हणजे त्या काळचा सगळ्यात नावाजलेला डॉक्टर, १६६ मध्ये रोम सोडून आपल्या गावी पेर्गामॉनला निघून गेला. काही जण म्हणतात साथीला घाबरून, तो स्वतः म्हणतो इतर वैद्यांच्या जळफळाटाला कंटाळून.

तर शिशाने थोडंफार वाटोळं केलं असेलही, नाही म्हणत नाही. पण उद्या मला कुणी त्या काळच्या रोममध्ये नेऊन सोडलं तर मी नळाचं पाणी बिनधास्त पिईन, आणि कोशिंबिरीला हात लावणार नाही.